चेनसॉचा पिस्टन घासला: किट मागवण्याआधी काय बघायचं

मंडणगडकडच्या एका बागायतदारांचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "ऑनलाइन घेतलेला ५८ सीसीचा चेनसॉ आहे, दोन वर्षं वापरतोय. परवा आडवा पडलेला आंबा कापताना मशीनने एकदम रेस धरली आणि कापात असतानाच बंद पडलं. आता दोरी हलकी लागते, चालू होत नाही. सायलेन्सर काढून बघितलं तर पिस्टनवर उभ्या रेघा दिसतात. गावातला मेकॅनिक म्हणतो पिस्टन-रिंग टाकून देतो. दुसरा म्हणतो ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, बोअर करावा लागेल. मुलगा म्हणतो नवीनच घेऊ. काय करू?"

तुम्ही सायलेन्सर काढून आत बघितलंत हे फार बरं केलंत. बरेच जण दोरी ओढ ओढ ओढतात आणि होतं नव्हतं तेही खरवडून टाकतात. आता आधी दोरी ओढणं पूर्ण बंद करा.

तुमचा प्रश्न 'पिस्टन बदलू का' असा आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणीच विचारलेला दिसत नाही: पिस्टन घासला कशाने? पिस्टन आपण होऊन कधी घासत नाही. त्याला तेल कमी पडतं, पेट्रोल कमी पडतं, हवा जास्त मिळते, घाण आत जाते किंवा उष्णता बाहेर पडत नाही. यातलं काय घडलं ते न शोधता नवीन पिस्टन टाकला, तर तोही त्याच वाटेने जातो. मी हे स्वतःच्या हाताने केलेलं आहे. निसर्ग वादळानंतर, म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात, आमच्याकडे चेनसॉची रांग लागली होती. दापोली, श्रीवर्धनकडे बागाच्या बागा आडव्या झालेल्या आणि ज्याने आयुष्यात कटर धरला नव्हता त्यानेही मशीन घेतलेलं. घाईघाईत एकाचं पिस्टन-ब्लॉक किट बदलून दिलं, मशीन छान चालू झालं, तो घेऊन गेला. आठव्या दिवशी परत आला. नवा पिस्टन, जुन्यासारख्याच रेघा, त्याच बाजूला. मॅग्नेटच्या (दोरीने फिरणाऱ्या चाकाच्या) मागचं ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी कडं, हवा ओढत होतं आणि मी ते तपासलंच नव्हतं. दुसरं किट माझ्या खिशातून गेलं ते गेलंच, पण त्या माणसाच्या घरावर पडलेला फणस आणखी चार दिवस तसाच राहिला, ते जास्त लागलं. तेव्हापासून कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन मी बसवत नाही.

आता पिस्टन वाचायचा कसा ते सांगतो. सायलेन्सरच्या भोकातून तुम्हाला दिसते ती पिस्टनची एकच बाजू, एक्झॉस्टची. दुसरी बाजू बघायला एअर फिल्टर आणि कार्बोरेटर काढा, कार्बोरेटर आणि ब्लॉक जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डमधून टॉर्च मारा, प्लग काढून मॅग्नेट हाताने सावकाश फिरवा. दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ब्लॉक उघडल्यावर कुठली रेघ कुठे होती हे आठवत नाही.

रेघा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील आणि आतल्या बाजूचा पिस्टन स्वच्छ असेल, तर मशीन 'लीन' (पेट्रोल कमी, हवा जास्त) चाललं किंवा तापलं. एक्झॉस्टची बाजू सगळ्यात गरम असते, त्यामुळे तेलाचा पापुद्रा आधी तिथे तुटतो. रेघा चहूबाजूंनी असतील, पिस्टनच्या डोक्यावर काजळी जवळपास नसेल आणि क्रँककेस (ब्लॉकखालची क्रँकची पोकळी) आतून कोरडी ठाक असेल, तर पेट्रोलमध्ये तेलच नव्हतं किंवा नावाला होतं. घरातल्या कुणीतरी मोटारसायकलच्या कॅनमधलं साधं पेट्रोल ओतलं, असं यातल्या निम्म्या वेळा निघतं. तिसरा प्रकार आतल्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूचा. तिथे खोल रेघा नसतात. पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालचा भाग, राखाडी, खरखरीत, पॉलिश पेपर मारल्यासारखा दिसतो आणि हाताला पातळ लागतो. ही धूळ. फाटका किंवा नीट न बसलेला एअर फिल्टर. आपल्याकडच्या तांबड्या मातीत पडलेलं लाकूड कापताना हे फार होतं. आणि एकच खोल चर, अगदी गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) टोकाच्या रेषेत असेल, तर पिनचं लॉक सुटून सिलिंडरला घासत गेलंय. तिथे चर्चेला जागा नाही, ब्लॉक गेला. लॉकचा तुकडा क्रँककेसमध्ये पडलेला असू शकतो, तो सापडेपर्यंत इंजिन जोडायचं नाही.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'एकदम रेस धरली' हे वाक्य. लीन मशीनचा हा ठरलेला खेळ आहे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मशीन आधी अशक्त होत नाही, उलट जोरात पळतं, आवाज तीक्ष्ण होतो, चालवणाऱ्याला वाटतं आज मशीन खूश आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी झालं की वंगणही त्याच प्रमाणात कमी होतं आणि त्याच वेळी उष्णता वाढते. दोन्ही घाव एकत्र बसतात, म्हणून मिनिटभरात खेळ संपतो. तेव्हा तुमच्या मशीनच्या रेघा एक्झॉस्ट बाजूलाच निघतील असा माझा अंदाज आहे. पण अंदाजच. दुसरी बाजू बघितल्याशिवाय ठाम बोलणार नाही.

लीन कशाने झालं असेल? आधी फुकटातल्या गोष्टी. टाकीतला पेट्रोल फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढा. काळा, चिकट झाला असेल तर तोच गुन्हेगार असू शकतो. टाकीतली पेट्रोलची नळी दाबून, वाकवून बघा. बोटाला चिकटते का, वाकवल्यावर तडे दिसतात का? आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि या छोट्या मशीनच्या बहुतेक पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपर्यंतचंच पेट्रोल चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू कुणी हलवला नाही तरी मिश्रण आपोआप थोडं लीन होतं. शिवाय स्वस्त रबराच्या नळ्या त्याने फुगतात, नंतर कडक होऊन फुटतात. फुटलेली नळी पेट्रोलबरोबर हवेचे बुडबुडे ओढते. टाकीला हवा आत घ्यायला एक छोटा व्हेंट असतो, तो भुशाने बुजला तरी पेट्रोल येणं मंदावतं. पुढच्या वेळी मशीन दमल्यासारखं करून थांबलं तर टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. सूं करून हवा आत गेली आणि मशीन पुन्हा नीट चाललं तर व्हेंट बुजलाय.

यानंतर येते हवेची गळती, आणि ही तपासणी इंजिन उघडायच्या आधी करायची असते. एकदा ब्लॉक उचलला की खालचं पॅकिंग हललं, मग जुनी गळती कुठे होती हे कळायला मार्ग उरत नाही. कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी प्रेशर-व्हॅक्युम पंप असतो, साधारण अर्धा बार दाब देऊन काटा स्थिर राहतो का बघतात. माझ्याकडे आता तो आहे, पण कितीतरी वर्षं मी ही तपासणी जुन्या बीपीच्या मशीनवर केली. रक्तदाब बघायचं काट्याचं यंत्र, त्याचा फुगा आणि गेज. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे साधारण ०.४ बार. आपल्याला हवं तेवढंच. जास्त दाब द्यायचाच नाही, सील जागेवरून बाहेर येतं.

करायचं असं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून सायलेन्सर आणि ब्लॉकच्या मध्ये घाला आणि बोल्ट आवळा, म्हणजे एक्झॉस्ट बंद झाला. कार्बोरेटरच्या जागी तसाच रबराचा तुकडा आणि पट्टी लावून मॅनिफोल्ड बंद करा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढा आणि त्यात तांब्याची बारीक नळी झाळून घ्या. ती प्लगच्या जागी बसवून फुग्याची रबरी नळी जोडा. पिस्टन अगदी खाली आणून ठेवा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहतात आणि सिलिंडर व क्रँककेस एकच पोकळी होते. पिस्टन घासलेला असला तरी ही तपासणी म्हणूनच जमते. आता २५०-३०० पर्यंत दाब द्या आणि काट्याकडे बघत अर्धा मिनिट थांबा. काटा जागचा हलला नाही तर उत्तम. उतरू लागला तर साबणाचं पाणी ब्रशने लावा: मॅनिफोल्डच्या कडेला, ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगवर, मॅग्नेटच्या मागच्या सीलवर, क्लचच्या मागच्या सीलवर. बुडबुडा स्वतःच जागा दाखवतो. तुमच्या जातीच्या मशीनमध्ये मॅनिफोल्डचे स्क्रू सैल झालेले मी फार वेळा बघितलेत.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. सीलचा ओठ आतल्या बाजूला वळलेला असतो, त्यामुळे आतून दाब दिला की तो दांड्यावर आणखी घट्ट बसतो आणि झिजलेलं सीलही कधी कधी पास होतं. इंजिन चालताना आतली ओढ आली की तेच सील ओठ उचलून हवा घेतं. म्हणून खरी परीक्षा व्हॅक्युमची. हाताने चालवायचा व्हॅक्युम पंप गाडीचे ब्रेक किंवा एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे सापडतो, विचारून बघा. नाहीच मिळाला तर दोन्ही सीलच्या मागे हात घाला. तिथे काळपट ओलं तेल साचलं असेल, किंवा आधी ॲक्सिलरेटर सोडल्यावर मशीन लगेच खाली न येता रेसवरच रेंगाळत असेल, तर मी सील बदलूनच टाकतो. दोन्ही सील मिळून चहापाण्याच्या खर्चात येतात. एक लक्षात ठेवा, क्लच उलट्या आट्याचा असतो. घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. नेहमीच्या दिशेने जोर लावून क्रँकचा आटा मारलेली मशीन माझ्याकडे येतात.

आता ब्लॉक. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचा बोअर करायचा सल्ला कुठून आला हे मला समजतं. मीही आरएक्स १०० आणि बजाजच्या स्कूटरवरच हात बसवला. त्या गाड्यांच्या सिलिंडरमध्ये बिडाची भिंत होती. घासली की लेथवाल्याकडे न्यायची, पाव मिलिमीटर मोठी करून घ्यायची, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, गाडी पुन्हा नवी. चेनसॉचा ब्लॉक तसा नसतो. तो ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून त्याला क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अगदी पातळ, काचेसारखा कठीण थर दिलेला असतो. बोअर केला की तो थर गेला, खाली उरलं मऊ ॲल्युमिनियम. त्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन चालवला तर तासाभरात दोघं एकमेकांना धरतात. होनिंगचा दगडही यात फिरवायचा नाही. त्यामुळे बोअरचा विषय डोक्यातून काढा.

पण उलटी गोष्टही खरी आहे. ब्लॉकमध्ये रेघा दिसतात म्हणजे ब्लॉक गेलाच असं नाही. पुष्कळदा ती भिंतीतली जखम नसते, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं असतं. ब्लॉक काढल्यावर नख आडवं फिरवा. नखाला उंचवटा लागला तर ते वर चिकटलेलं आहे. नख खाली अडकलं तर थर गेला.

चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला मी बाथरूमच्या फरशा धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतो. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, ॲसिडमध्ये किंचित बुडवायचा आणि फक्त त्या पट्ट्यावर लावायचा. फेस येतो. थोडं थांबून पाण्याने धुवायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. फेस येणं थांबलं म्हणजे वरचं ॲल्युमिनियम संपलं, कारण खालच्या निकेलच्या थरावर ॲसिडचा तसा फेस येत नाही. क्रोमचा थर मात्र हे ॲसिड खातं, तिथे ते वापरायचं नाही. आणि धुऊन धुऊन लावलं तरी एकाच जागी फेस येतच राहिला, जागा खोल होऊ लागली, तर समजा थर आधीच उडालेला आहे आणि तुम्ही आता ब्लॉकच खाताय. तिथे थांबायचं. पोर्टच्या कडांना थर नसतो, तिथे थेंबही जाऊ द्यायचा नाही. हे सगळं अंगणात, उघड्यावर. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, जवळ विडी-काडी नाही, पोरंबाळं लांब, आणि हे ॲसिड ब्लीचिंगच्या कुठल्याही वस्तूत मिसळायचं नाही. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्लॉक धुऊन, भरपूर साध्या पाण्याने विसळून, सुकवून लगेच तेलाचा हात फिरवा. ॲसिडची उघडी बाटली पान्यांच्या खोक्याशेजारी ठेवू नका, रात्रीत सगळे पाने गंजतात. त्यानंतर भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा तुकडा तेलात भिजवून तिरका-तिरका फिरवला की पुरे.

हा ब्लॉक वाचवायचा खटाटोप करायचा की नाही, हे मात्र तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. ब्रँडेड मशीनचा मूळ ब्लॉक असेल तर मी दोन तास देऊन तो वाचवतोच, कारण त्यावरचा थर बाजारातल्या किटपेक्षा चांगला असतो आणि कंपनीचं किट महाग पडतं. तुमच्या ५८ सीसीला पिस्टन, रिंगा, पिन, लॉक आणि ब्लॉक असं पूर्ण किट हजार-दीड हजारात मिळतं. त्यामुळे नख जरा जरी अडकलं तरी मी तुम्हाला पूर्ण किटच टाकायला सांगेन. नुसता पिस्टन-रिंग टाकायचा तुमच्या पहिल्या मेकॅनिकचा सल्ला ब्लॉक साफ निघाला तरच बरोबर ठरतो. घासलेला पिस्टन पेपर मारून पुन्हा वापरायचं मी करत नाही. रिंग खाचेत दबून अडकलेली असते, ती सोडवली तरी खाचेची कड उरत नाही.

किट मागवताना मशीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. बाहेर ५८ लिहिलेल्या मशीनच्या आत ४३, ४५ आणि ४५.२ मिलिमीटर असे वेगवेगळे पिस्टन निघतात. व्हर्नियरने पिस्टनचा व्यास, पिनचा व्यास आणि ब्लॉकच्या बोल्टमधलं अंतर मोजा, जुन्या पिस्टनचा फोटो दुकानदाराला पाठवा, मगच पैसे द्या.

ब्लॉक उचलला की ताबडतोब क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. मग कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली करून बघा. आडवा थोडा हलला तर चालतं. वर-खाली टकटक केलं, किंवा खालचं बेअरिंग निळं पडलेलं दिसलं, तर क्रँक गेला. इथे मात्र तुमचा मुलगा बरोबर. क्रँक, बेअरिंग, किट, सील आणि मजुरी धरली तर या किमतीच्या मशीनवर तो खर्च करू नका. क्रँक चांगला असेल तर तेल घातलेलं पेट्रोल ओतून, हलवून, दोन-तीनदा धुऊन काढा. पिस्टनचा चमचमता चुरा त्यात दिसेल, तो दिसायचा बंद होईपर्यंत धुवा. हाच चुरा नंतर बेअरिंग खातो.

नवा ब्लॉक खोक्यातून काढून तसाच बसवू नका. स्वस्त किटच्या पोर्टच्या कडा धारदार असतात, बोट आत फिरवलंत तर कळेल. रिंग त्या कडेला अडकून तुटते. बारीक कानसेने किंवा पेपरने कड जराशी मोडून घ्या, आरशासारखी करायची गरज नाही. ट्रान्सफरच्या वाटेत ओतकामाचे पापुद्रे असतात, ते काढा. मग गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने घासून धुवा. रिंग एकटी ब्लॉकमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. या मापाला ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवी. ०.१ पेक्षा कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील, टोकाला अगदी हलका कानस द्या.

पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनची लॉकं नेहमी नवी, आणि त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नाही. बसवल्यावर लॉक खाचेत पूर्ण गेलं का हे मी बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवून बघतो. यात घालवलेलं एक मिनिट पूर्ण ब्लॉक वाचवतं. रिंगेची टोकं खाचेतल्या छोट्या पिनेवर बसतात, ती तशी बसवून, सगळ्याला टू-टी तेल लावून, ब्लॉक सरळ खाली उतरवा. अडलं तर जोर नाही. वर उचला आणि रिंग बघा. बोल्ट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. हाताने मॅग्नेट दोन फेरे फिरवून पिस्टन वर कुठे टेकत नाही ना ते बघा. शक्य असेल तर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालून एक फेरा फिरवा. चेपलेलं टोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ झालं नसेल तर ठीक. यानंतर बीपीच्या यंत्राची ती तपासणी पुन्हा एकदा, आणि मगच कार्बोरेटर चढवायचा.

आता तेलाबद्दल, कारण दहातल्या पाच-सहा मशीनचं मूळ इथेच सापडतं. पुस्तिकेत २५:१ लिहिलेलं असतं. मी विचारतो लिटरला किती टाकता, तर उत्तर येतं, "२५ एमएल, पुस्तकातच २५ लिहिलंय." २५:१ म्हणजे पंचवीस भाग पेट्रोल आणि एक भाग तेल, लिटरला ४० एमएल. २५ एमएल टाकलं तर ते ४०:१ झालं. नामांकित कंपन्या ५०:१, म्हणजे लिटरला २० एमएल सांगतात, पण त्यांच्या ठरवून दिलेल्या भारी तेलासाठी. तुमच्या मशीनला ज्या तेलाच्या डब्यावर जासो (टू-स्ट्रोक तेलाच्या दर्जाचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलंय असं एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं तेल घ्या आणि लिटरला ४० एमएल टाका. धूर थोडा जास्त होईल, होऊ दे. मोटारसायकलचं इंजिन ऑइल नको आणि होडीच्या इंजिनाचं तेलही नको. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. अंदाजाने झाकणभर ओतायचं बंद करा. औषधाच्या दुकानात मोठी सिरिंज मिळते, ती त्यासाठीच ठेवा. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. पावसाळ्यात इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाला बसतं. शंका आली तर काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालू नका.

आणखी एक कारण आहे जे पिस्टनवर दिसत नाही, लाकडाखाली दिसतं. तुम्ही आडवा पडलेला आंबा कापत होतात. पडलेल्या खोडाच्या सालीत माती-वाळू अडकलेली असते, खालच्या बाजूने चेन जमिनीला टेकते आणि दोन कापांत बोथट होते. धारदार चेन ढलप्या फेकते. बोथट चेन पिठासारखा भुसा काढते. भुसा पिठासारखा यायला लागला की माणूस मशीनवर भार टाकतो, फुल रेसवर दाबून धरतो. तोच बारीक भुसा फिल्टर बुजवतो आणि ब्लॉकच्या पंखांमध्ये तेलाबरोबर थापून बसतो. पंख्याची वाट बंद, इंजिन तापलेलं, त्यात मिश्रण लीन. तुमचं मशीन उघडाल तेव्हा वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून त्या पंखांमध्ये काय आहे ते नक्की बघा. माझ्याकडे येणाऱ्या घासलेल्या मशीनमध्ये तिथे बोटभर घट्ट लगदा सापडतो.

कार्बोरेटर चढवल्यावर त्यावरचे एच (फुल रेसच्या पेट्रोलचा) आणि एल (कमी रेसच्या पेट्रोलचा) हे दोन्ही स्क्रू हलकेच बसेपर्यंत आत घ्या आणि साधारण सव्वा फेरा बाहेर काढा. ही फक्त सुरुवातीची जागा. इंजिन गरम झाल्यावर, बार आणि चेन चढवलेली, मशीन हवेत धरून फुल रेस द्या आणि ऐका. आवाज स्वच्छ, एकसुरी, कानात घुसणारा आला तर मिश्रण लीन आहे, एच स्क्रू बाहेर काढा. भरररर असा जरा फाटका, अडखळता आवाज यायला हवा आणि लाकडात चेन टेकवताच तोच आवाज साफ व्हायला हवा. सध्याच्या पेट्रोलवर मी नेहमीच्या जागेपेक्षा आणखी आठवा हिस्सा फेरा बाहेरच ठेवतो. जोर किंचित कमी वाटेल, तो वाटू दे.

पहिल्या तीन टाक्या मनगटाएवढ्या फांद्याच कापा. फुल रेस देऊन सोडत राहा, एकाच रेसवर धरून ठेवू नका आणि नुसतं आयडलवरही फार वेळ चालू ठेवू नका. पहिली टाकी संपल्यावर मशीन थंड झालं की सायलेन्सरचे आणि मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा आवळा, ते सैल होतातच. तिसऱ्या टाकीनंतर सायलेन्सर काढून त्याच भोकातून टॉर्च मारा, जिथून तुम्हाला रेघा दिसल्या होत्या. नव्या पिस्टनच्या अंगावर लेथच्या बारीक आडव्या खुणा असतात. त्या अजून तशाच दिसत असतील आणि त्यांना छेदून एकही उभी रेघ खाली गेली नसेल, तर उरलेला आंबा कापायला घ्या.